चिंध्यांचे मोल

गोधडी म्हटले की आजीच्या जुन्या लुगड्याची ऊब आठवते. फाटक्याला टाके घालून संसार झाकण्याची ही विद्या केवळ आपल्याच मायबहिणींची आहे, असे मात्र नव्हे. दूर अमेरिकेत एका खेड्याच्या इतिहासात चिंध्यांना मानाचे पान लाभले आहे.

अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेले जीज बेंड हे ते खेडे. तेथे एकेकाळी कापसाच्या मळ्यावर कृष्णवर्णीय गुलाम राबत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु त्यांचे वंशज त्याच जमिनीवर कुळे म्हणून राहिले. अनेकांचे आडनाव आजही जुन्या मळेवाल्याचेच, पेटवे, आहे. १९३२ साली एका सावकार-व्यापाऱ्याच्या मृत्यूनंतर कर्जवसुलीसाठी त्यांची जनावरे, अवजारे आणि धान्य उचलून नेण्यात आले. फटींच्या लाकडी घरांतला गारठा अडवण्यासाठी बायका जुन्या विजारी, सदरे आणि पिठाच्या पिशव्यांचे तुकडे जोडून गोधड्या शिवीत.

पुढे ही माणसे मतदारयादीत नाव नोंदवण्याची धडपड करू लागली. नोंदणीचे गाव नदीपलीकडे होते. १९६२ मध्ये फेरीबोटच बंद करण्यात आली!

डिसेंबर १९६५ मध्ये फ्रान्सिस वॉल्टर हे एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरू त्या परिसरात फिरत असता दोरीवर वाळणाऱ्या गोधड्यांनी त्यांची नजर खिळवली. गोरा माणूस येताना पाहून घरातील बाई रानात पळाली. यावरून त्या काळची दहशत समजावी. वॉल्टर यांनी पुढे प्रत्येकी १० डॉलर देऊन गोधड्या घेतल्या आणि त्यांचा न्यू यॉर्कमध्ये लिलाव करविला. मार्च १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही स्त्रियांची सहकारी संस्था स्थापन झाली. संस्थेने २३ एकर जमीन घेतली आणि मतनोंदणी केल्यामुळे बेघर झालेल्या कुटुंबांना त्यातील ८ भूखंड विकले.

१९७२ साली सीअर्स कंपनीने उशांचे कॉर्डरॉयचे अभ्रे शिवण्याचे काम दिले. त्यात नमुना कंपनीचा, माप कंपनीचे; शिवणारीच्या कल्पनेला वाव नव्हता. उरलेली कापटे मात्र बायका घरी नेत. सोनेरी, हिरव्या, नारिंगी आणि लाल पट्ट्यांतून त्यांनी स्वतःच्या मनाजोगत्या गोधड्या घडवल्या.

त्या गावच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर झळकल्या. २००६ मध्ये त्यांची चित्रे टपाल तिकिटांवर आली आणि त्याच वर्षी, ४४ वर्षांनी, फेरीबोटही पुन्हा सुरू झाली. सहकारी संस्था २०१२ साली बंद पडली. परंतु तिच्या आधाराने उभी राहिलेली घरे आणि माणसे मागे वळली नाहीत.

त्या धर्मगुरूंनी बायकांना शिवण शिकवले नाही. ते त्यांना येतच होते. त्यांनी केवळ त्या कामाचे मोल ओळखले आणि त्याचा दाम चुकता केला. आपल्या धर्मग्रामातही शिंप्याच्या दुकानातली कापटे गोळा करून पायपुसणी, पिशव्या, दुपटी शिवणारे हात आहेत. त्यांच्या कामाला ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणण्यापूर्वी आपण जीज बेंडची ही गोष्ट आठवावी.