डेनिस दाविदोव : एक रशियन शिपाई-कवि

तलवार आणि लेखणी यांचें सहसा जमत नाहीं, असा समज आहे. डेनिस दाविदोव याच्या चरित्रानें तो खोटा ठरतो. १७८४ सालीं मॉस्कोंत जन्मलेला हा तरुण घोडदळांत शिरला. परंतु थोरामोठ्यांवर उपरोधिक काव्यें रचल्यामुळें १८०४ सालीं त्याची गार्ड पलटणींतून दूरच्या हुसार पलटणींत रवानगी झाली. तेथें छावणींतील मैत्री, मदिरा व मर्दुमकी यांचीं गाणीं त्यानें लिहिलीं. त्यांचें ऋण खुद्द पुश्किननेंही मानलें.

१८१२ सालीं नेपोलियन मॉस्कोवर चालून आला. बोरोदिनोच्या लढाईपूर्वीं दाविदोवनें सेनापति बाग्रातियोनकडे शत्रूची रसद तोडण्यासाठीं स्वार मागितले. मिळाले ५० हुसार व ८० कोसॅक. बोरोदिनो हें गांव त्याच्याच घराण्याचें. स्वतःच्या शिवाराचेंच रणांगण होणार होतें!

पहिली अडचण मात्र स्वकीयांकडूनच आली. हुसारांचा गणवेश पाहून खेडूत त्यांना फ्रेंच समजत व अंगावर धांवून येत. तेव्हां दाविदोवनें शेतकऱ्याचा अंगरखा घातला, दाढी वाढविली व गळ्यांत संत निकोलसची तसबीर अडकविली. मग तेच खेडूत त्याचे साह्यकर्ते झाले.

या अनुभवावर १८२१ सालीं त्यानें गनिमी युद्धाचें शास्त्र लिहिलें. तॉल्स्तॉयच्या ‘युद्ध आणि शांति’ या कादंबरींतील देनिसोव त्याच्यावरूनच घडला. बाग्रातियोनच्या अस्थि बोरोदिनोस न्याव्या, हा त्याचा आग्रह १८३९ सालीं सफल झाला. पण त्याच वर्षीं, त्याआधींच, दाविदोव निवर्तला. ज्यानें ते मूठभर स्वार दिले, त्याचें ऋण मात्र त्यानें फेडलें होतें.