करमतंय का?

आखाडा बाळापूरला बदली होऊन आलेला माणूस बँकेतला असो की शाळेतला, पहिल्या आठवड्यात गाव त्याला तीन गोष्टी विचारतं. मूळचे कुठले? खोली कितीनं मिळाली? आणि तिसरं, चहाचा कप पुढं सरकवत, ‘करमायलं का सर इथं?’ आनंदात आहात का, असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर सर दचकतील, आपल्याबद्दल काय ऐकलं असेल याने, म्हणून.

‘मला करमतं’ या वाक्याला कर्ता नाही. ‘मला’ आपला चतुर्थीत बसून आहे, करमणारं कोण ते सापडत नाही. आनंदाचं तसं नसतं. ‘आनंद झाला’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कशाचा? पोरगी पास झाल्याचा, हळदीला भाव आल्याचा. सुखालाही पैशाचं, लेकराबाळांचं अशी षष्ठी चिकटतेच. करमण्याला तिची गरज नाही. गंमत म्हणजे न करमण्याला मात्र कारणं लगेच सापडतात: घर लांब, पोरं तिकडं शिकायला, कुणावाचून करमत नाही. करमायला लागलं की ती यादी कुठं गेली, कुणालाच आठवत नाही.

या क्रियापदाचं मूळ ‘क्रम्’ धातूकडे जातं. वाट क्रमणे, काळ क्रमणे. वेळ अडखळला नाही, पुढं सरकला, की करमलं. त्यात काही मिळाल्याचा उल्लेखही नाही. हरि नारायण आपट्यांनी 1890 साली आपल्या पत्राचं नाव ‘करमणूक’ ठेवलं आणि 1906 साली दुसऱ्या आपट्यांनी, वासुदेव गोविंदांनी, मुलांसाठी ‘आनंद’ काढलं. हे दुसरे आपटे ‘शब्दरत्नाकर’ कोशाचे कर्ते, म्हणजे शब्द तोलून घेणारे. तरी मला विचाराल तर पहिलं नाव जास्त नेमकं.

तैत्तिरीय उपनिषदात तर आनंदाचं चक्क माप आहे. तरुण, सज्जन, शिकलेला, धडधाकट माणूस घ्या, धनानं भरलेली सगळी पृथ्वी त्याला द्या. हे झालं मानवी आनंदाचं एक एकक. पुढं शंभराच्या पटीनं ब्रह्मानंदापर्यंत चढत जायचं. त्याच हिशेबात, पुढच्या प्रत्येक पायरीवर, निरिच्छ वेदज्ञालाही तेवढाच आनंद दिलेला आहे, हे खरं. पण मोजणी सुरू होते ती मालमत्तेपासून.

‘सुख’ शब्दाची कूळकथा मात्र मातीतली. एक मत असं की ‘ख’ म्हणजे भोक, चाकाच्या तुंब्यातलं, ज्यात आस बसतो. ते नीट असेल तर रथ सुखानं चालतो. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचं विशेषण म्हणून येतंच. भोक वेडंवाकडं असेल तर दुःख, म्हणजे हाडं खिळखिळी. वंगण दिलेल्या गाडीत बसलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, आणि गाडी नीट चालली तर चाकाची आठवणही होत नाही. या आसाला संस्कृतात ‘अक्ष’ म्हणतात. जुगाराच्या फाशालाही अक्षच म्हणतात, आणि ‘आखाडा’ त्या दुसऱ्या अक्षातून आला: अक्षवाट, म्हणजे फासे खेळायची कुंपण घातलेली जागा. पुढं तिथं पैलवान उतरले, साधू उतरले. बाळापुरं बरीच, अकोला जिल्ह्यातलं त्यातलं नावाजलेलं. कळमनुरी तालुक्यातल्या या बाळापुराच्या नावात मात्र हा खेळ अजून शिल्लक आहे.

मग परक्या घरून आलेले शब्द. फारसीतून आलेल्या ‘मजा’चा मूळ अर्थ चव. ‘हौस’ ही अरबी ‘हवस’. हिंदीत ती बदनाम झाली, मराठीनं तिला लुगडं नेसवून हळदीकुंकवाला बसवलं. ‘मौज’ म्हणजे अरबीत लाट. आणि आपली ‘लहर’, तीही संस्कृतातून आलेली लाटच. दोन भाषांतल्या दोन लाटा मराठीत येऊन एकाच अर्थाच्या किनाऱ्याला लागल्या: कारण न देता आलेलं काहीतरी. ‘लहर आली, गेलो’ म्हणणाऱ्याकडून आपण खुलासा मागत नाही. ‘आनंद’ या भारदस्त शब्दाचं मात्र आपण काय केलं? सगळा घोळ झाला की म्हणतो, सगळा आनंदीआनंद आहे!

पण या बाबतीत सगळ्यांत उपयोगी शब्द कोशात फार मान नसलेला आहे: उगंच. मोल्सवर्थच्या कोशात ‘उगा’ म्हणजे गप्प, स्थिर. रडणाऱ्या लेकराला आपण ‘उगी उगी’ म्हणतो तो हाच, आणि मराठवाड्यात ‘उगं बस’ म्हणतात तोही. गप्प असण्यातून ‘विनाकारण’ कसं निघालं? बहुधा असं, की ज्याच्यापाशी सांगण्यासारखं कारण नसतं तो गप्प राहतो. इकडच्या प्रश्नार्थक ‘काहून’मध्ये पंचमीचा ‘हून’ ऐकू येतो. कशापासून, कुठून निघालं, ते सांग, असा त्याचा आग्रह. ‘उगंच’ त्याला दाद देत नाही.

होळीच्या सुमारास या भागात शिजवलेली हळद अंगणात, खळ्यावर वाळत पडलेली असते. ओल्या कंदांचा मातकट उग्र वास, पायांचे तळवे पिवळे. हळद उलथता उलथता नात मधेच फिदीफिदी हसते.

‘काहून हसायलीस गं?’

‘उगंच, आज्जे.’

‘मग हात चालू ठिवून हास की, माय.’