रक्तातलं एक प्रोटीन शोधायचं कसं? इन्सुलिनपासून पुण्याच्या 'कवच'पर्यंत

वरसे-रोह्याच्या लॅबमध्ये तुम्ही रक्त देता, त्यात हजारो प्रोटीन्स असतात. एकट्या अल्ब्युमिनचं प्रमाण लिटरमागे 35 ते 50 ग्रॅम. हार्ट अ‍ॅटॅकच्या तपासणीत बघतात ते ट्रोपोनिन निरोगी माणसात लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे अब्जपटीने कमी! या गर्दीत नेमकं एक प्रोटीन सापडतं कसं?

उत्तर आहे अँटिबॉडी. ती आपल्या ठरलेल्या रेणूलाच घट्ट धरते. 1950 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांना दिसलं, की इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांच्या रक्तात इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होते. एवढ्या लहान प्रोटीनविरुद्ध? परीक्षकांना पटेना. पेपर नाकारला गेला. 1956 मध्ये तो छापून आला, पण शीर्षकातली 'अँटिबॉडी' गाळून. पुढे त्यांनी तिलाच मोजमापाचं साधन केलं. किरणोत्सारी इन्सुलिन आणि रुग्णाचं इन्सुलिन यांना अँटिबॉडीवरच्या जागेसाठी झगडायला लावायचं. रुग्णाचं जास्त, तर किरणोत्सारी कमी चिकटणार. हीच रेडिओइम्युनोअ‍ॅसे. यॅलोंना 1977 चं नोबेल मिळालं. बर्सन 1972 मध्येच गेले होते.

1971 मध्ये स्वीडनच्या एंगवाल आणि पर्लमन यांनी किरणोत्सारी पदार्थाच्या जागी एन्झाइम जोडलं. किरणं मोजण्याऐवजी रंग मोजायचा. ही एलायझा.

आता पुण्यात या. मे 2020 मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने 'कोविड कवच एलायझा' तयार केली. इथे शोधायचं प्रोटीन म्हणजे खुद्द अँटिबॉडीच, आयजीजी. प्लेटच्या खळग्यांत निष्क्रिय केलेल्या विषाणूचं अँटिजेन चिकटवलेलं. त्यावर सीरम टाकायचं, धुवायचं. मग मानवी आयजीजीला धरणारी, एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी. पुन्हा धुवायचं. शेवटी सबस्ट्रेट टाकला, की रंग येतो. अडीच तासांत 90 नमुने.

खरा प्रश्न रंग आल्यानंतरचा आहे. आयसीएमआरच्या पहिल्या सेरोसर्व्हेत 28,000 प्रौढ होते. महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, जळगाव, सांगली, अहमदनगर. लागणीचा अंदाज निघाला 0.73 टक्के, म्हणजे एवढ्या लोकांत साधारण दोनशे. समजा, एखादी टेस्ट लागण न झालेल्यांपैकी 98 टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह ठरवते. ऐकायला उत्तम! पण उरलेले 2 टक्के म्हणजे साडेपाचशे खोटे पॉझिटिव्ह. खऱ्यांपेक्षा खोटेच जास्त. म्हणूनच 'कवच'वर पॉझिटिव्ह आलेले नमुने दुसऱ्या एलायझावर पुन्हा तपासले गेले.

तेव्हा रिसर्च प्रपोजल लिहिताना बायोमार्कर निवडून थांबू नका. दोन आकडे आधी लिहा: टेस्टची स्पेसिफिसिटी किती, आणि तुमच्या गटात तो आजार मुळात किती जणांना आहे. पॉझिटिव्हचा अर्थ या दोघांवर ठरतो.