टोइंगच्या आधीचा कोंडवाडा

पोलिसांनी उचलून नेलेली गाडी आपण पैसे भरून सोडवतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ओढून नेण्याचा खर्चही मालकाच्याच माथी घातला आहे. मला यात जुना कोंडवाडा दिसतो.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुरांच्या घुसखोरीचा कायदा केला. पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात जाई. सोडवणुकीचे दर ठरलेले: शेळीला एक आणा, गाईबैलाला चार आणे, म्हशीला आठ आणे आणि हत्तीला दोन रुपये! (हत्ती कोंडायला वाडा तरी केवढा लागला असता!) चाऱ्यापाण्याचा खर्च वेगळा. कोणी सोडवायला आलं नाही, तर लिलाव. एका बैलजोडीवर ज्याचं पोट, त्याची पेरणीच त्यात बुडायची.

पण कायदा करणाऱ्यांना अंमलदारही ठाऊक होते. लिलावातलं जनावर पोलिसाने किंवा कोंडवाडा सांभाळणाऱ्याने आडूनसुद्धा विकत घ्यायचं नाही, असं कलमच त्यांनी घातलं. जनावर नाहक धरलं असेल, तर मालकाने दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे जावं. तक्रार खरी ठरली, तर भरलेला दंड, झालेला खर्च आणि वर शंभर रुपयांपर्यंत भरपाई मिळे. ही रक्कम सरकारी तिजोरीतून येत नसे. ज्याने जनावर धरलं, त्यालाच ती भरावी लागे.