सक्तीचा हुकूम आणि त्याचे कारण

आगीचा बंब दारात आला की आत शिरणाऱ्या जवानाचे नावही आपण विचारीत नाही. मग त्याने लस टोचून घेतली आहे काय, हे कोण विचारणार? ती चौकशी सरकारनेच आधी करून ठेवावी, असे साथीच्या दिवसांत पुष्कळांना वाटते. लसीची सक्ती येते ती अशा भावनेतून.

ही गोष्ट नवी नव्हे. अमेरिकेत केंब्रिज गावी १९०२ साली देवीच्या साथीत लस सक्तीची झाली. जेकबसन नावाच्या पाद्र्याने ती नाकारली. पाच डॉलर दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १९०५ साली हरला. पण न्यायालयाने एक मेख मारून ठेवली: लोकांच्या आरोग्यासाठी जरूर तेवढीच सक्ती, त्यापलीकडे गेल्यास न्यायालय आड येईल.

पुढे कोविड आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूयॉर्क शहराने बंबवाले, पोलीस, सफाई कामगार अशा आपल्या नोकरांवर लसीची सक्ती केली. सुमारे १,७८० जणांची नोकरी गेली. दरम्यान ओमायक्रॉन पसरला. लस जीव वाचवीतच होती. पण एकाचा रोग दुसऱ्याला होऊ न देण्याची तिची ताकद उणी पडू लागली. म्हणजे सक्तीचे मुख्य कारणच लंगडे झाले. १० फेब्रुवारी २०२३ रोजी महापौर एरिक ॲडम्स यांनी सक्ती उठविली. ९६ टक्क्यांहून अधिक नोकरांनी लस घेतली होती. काढलेल्यांना मात्र आपोआप परत घेतले नाही. पुन्हा अर्ज करा, असे सांगण्यात आले.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात पोलिसांवरील सक्ती डिसेंबर २०२२ मध्ये उठली. हुकूम उठला, तरी वाद मिटला नाही. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पोलीस आयुक्तांनी हुकूम काढताना मानवी हक्कांचा नीट विचार केला नव्हता, म्हणून तो बेकायदा ठरला. अँब्युलन्सच्या नोकरांबाबत तर असा हुकूम काढण्याचा अधिकार होता, हेच सिद्ध झाले नाही. आणि गंमत पाहा, हक्कावर आलेले बंधन त्या परिस्थितीत वाजवी होते, असेही न्यायमूर्ती ग्लेन मार्टिन यांनी त्याच निकालात म्हटले!

तेव्हा सक्ती कधी करूच नये, असा याचा अर्थ नाही. पण हुकूम काढताना त्याचे कारण नीट तपासून कागदावर मांडावे, आणि ते कारण सरले की हुकूमही मागे घ्यावा. शिवाय ज्यांची भाकरी गेली, त्यांचे पुढे काय, याचेही उत्तर द्यावे. पगारी नोकर नाइलाजाने हुकूम मानील. बिनपगारी धावून येणारा स्वयंसेवक मात्र रुसला तर घरीच बसेल, आणि पुढच्या साथीत आपल्याला त्याचीही गरज लागणार आहे.