दंतभंग, कुत्र्यांमधील

पाळीव कुत्र्याच्या दाताचा टवका उडणे, त्याला चीर जाणे किंवा तो हिरडीखाली मुळापर्यंत मोडणे. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला 42 दात असतात. त्यांतले सुळे आणि वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ हेच जास्त मोडतात. सुळे बहुधा पडल्याने, वाहनाच्या धडकेने किंवा पिंजऱ्याचे गज चावल्याने तुटतात. उपदाढेची तऱ्हा वेगळी. ती खालच्या पहिल्या दाढेवर कात्रीच्या पात्यासारखी सरकून मांस कापते. या दोहोंमध्ये फार कठीण वस्तू सापडली, की उपदाढेची बाहेरच्या बाजूची कपची सुटते, कधी थेट हिरडीच्या आतपर्यंत. कुत्र्याच्या दातावरचे एनॅमल 1 मिमी.पेक्षाही पातळ असते. हाडे चघळून दात मजबूत होतात, ही समजूत त्यामुळेच महागात पडते. खाटकाकडून आणलेली नळी, शिंग, खूर, बर्फाचा खडा आणि खेळताना फेकलेला दगड ही नेहमीची कारणे.

उपचार ठरतो तो एका प्रश्नावर : दाताच्या पोकळीतील मज्जा, म्हणजे रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर, उघडा पडला आहे का? ताज्या जखमेत तो गुलाबी किंवा लाल ठिपक्यासारखा दिसतो व त्यातून रक्त येते. काही आठवड्यांनी गर मरतो आणि तिथे काळे छिद्र उरते. वर्षानुवर्षे झिजलेल्या दातावरही तपकिरी ठिपका असतो, पण तो गुळगुळीत व बंद असतो. वैद्याची टोकदार सळई त्यात शिरत नाही. न मोडता जांभळट किंवा करडा पडलेला दातही संशयास्पद मानतात. मार लागून त्याच्या आतला गर बहुधा मेलेला असतो.

'खातोय ना नीट, मग दुखत नसेल' हा निष्कर्ष या विकारात सर्वांत घातक. कुत्रा दुखणे लपवतो आणि अन्न सोडत नाही. फार तर एकाच बाजूने चावतो, घास तोंडातून पाडतो, आवडते खेळणे टाळतो किंवा तोंडाला हात लावू देत नाही. उघड्या गरातून जंतू मुळाच्या टोकाशी पोहोचतात व तिथे गळू होते. वरच्या उपदाढेची मुळे डोळ्याखाली असल्याने गालावर सूज येते, ती फुटून पू वाहतो आणि पुष्कळदा तिला डोळ्याचा किंवा त्वचेचा आजार समजून मलमे लावली जातात. प्रतिजैविकाने सूज तात्पुरती उतरते. मेलेला दात तसाच राहिल्याने ती परतते.

निदानासाठी भूल देऊन तोंड तपासावे लागते व दाताचा एक्स-रे काढावा लागतो, कारण निम्म्याहून अधिक दात हिरडीखाली असतो. गर झाकलेला असेल, तर कडा घासून उघडा भाग सीलबंद करतात आणि पुढे एक्स-रेने लक्ष ठेवतात. गर उघडा असेल, तर दात काढणे किंवा रूट कॅनाल हे दोनच मुख्य मार्ग उरतात. 'थांबून पाहू' हा तिसरा मार्ग नव्हे. कुत्रा लहान वयाचा, साधारण दीड वर्षाच्या आतला असेल आणि जखम 48 तासांच्या आतली असेल, तर वरचा दूषित गर काढून उरलेला औषधी लेपाखाली जिवंत राखता येतो. वेळ टळली की यशाची शक्यता झपाट्याने घटते.

रूट कॅनालमध्ये सगळा गर काढून पोकळी निर्जंतुक करतात व भरतात; दात जागेवर राहतो, काही वेळा त्यावर धातूची टोपी बसवतात. पोलीस किंवा लष्करी श्वानाच्या सुळ्यासाठी हाच मार्ग योग्य. मात्र सहा महिने ते वर्षभरात पुन्हा भूल देऊन एक्स-रे काढावा लागतो, खर्च मोठा आणि अनुभवी पशुदंतवैद्य मोजक्या शहरांतच सापडतात. म्हणून घरगुती कुत्र्याचा दात काढून टाकणे हा कमअस्सल उपाय मानू नये. तीन मुळांची उपदाढ मात्र ओढून निघत नाही. हिरडी उलगडून, दाताचे तुकडे करून एकेक मूळ काढतात व टाके घालतात. सुमारे दोन आठवडे मऊ अन्न दिले, की बहुतेक कुत्री पूर्ववत जेवतात. खालचा सुळा काढताना विचार करावा लागतो. त्याचे मूळ लांब असते, जबडा दुबळा होऊ शकतो व जीभ बाहेर लोंबू लागते.

पिल्लाचा दुधाचा दात मोडला, तर 'पडणारच आहे' म्हणून सोडू नये. संसर्ग खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला बाधतो, म्हणून तो काढतात.

वैद्याकडे नेईपर्यंत कठीण खाणे व खेळणी बंद ठेवावीत आणि माणसांची वेदनाशामके देऊ नयेत. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चघळण्याची वस्तू निवडताना ती अंगठ्याच्या नखाने दाबून पाहावी. नखाचा वण उमटत नसेल, तर ती कुत्र्याला देऊ नये.