दत्तक, पोसणे आणि गुपित : मराठी कथनपरंपरेतील एक दुर्लक्षित भेद

दत्तक मूल आणि घरातले गुपित ही जोडी आज वाचकाला स्वाभाविक वाटते. मराठी समाजातील दत्तकाची जुनी संस्था पाहिली तर मात्र ही जोडी उपरी ठरते. धर्मशास्त्रातील दत्तकविधान हे मुळातच उघड कृत्य होते. जन्मदात्याने मूल द्यावयाचे, दुसऱ्याने ते घ्यावयाचे, आणि हे देणेघेणे भाऊबंदांच्या साक्षीने व्हावयाचे. पिंड, गोत्र आणि वतन यांची सोय त्यावर अवलंबून असल्यामुळे जितके साक्षीदार तितके दत्तक पक्के. १८४८ मध्ये कंपनी सरकारने साताऱ्याचे दत्तक नाकारले, तेव्हाही वाद मान्यतेचा होता. दत्तक झाले ही गोष्ट कोणी लपविली नव्हती.

या व्यवस्थेचा एक परिणाम साहित्याच्या अभ्यासकांनी फारसा लक्षात घेतलेला नाही. दान करावयास जन्मदाता हवा, म्हणून ज्याला देणारा कोणी नाही असे अनाथ किंवा टाकलेले मूल शास्त्रार्थाने दत्तक होऊच शकत नव्हते. ते 'पोसलेले' मूल. घरात वाढणारे, पण घराच्या वंशावळीत नसलेले. गुपित दडते ते या दुसऱ्या मुलाच्या जन्मात. दत्तक आणि पोसणे यांतील हा भेद पुसून टाकल्यामुळे आपल्या कथात्म वाङ्मयाच्या वाचनात बरीच गल्लत झाली आहे.

पोसलेल्या मुलाचा स्वतःचा आवाज मराठीत फार लवकर उमटला, आणि तो गोदाकाठचा आहे. परभणी जिल्ह्यातील पालमच्या शेजारी असलेले गंगाखेड हे परंपरेने जनाबाईचे जन्मगाव मानले जाते. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या कुटुंबात वाढली. तिच्या नावावरील एका अभंगात त्या घरातील माणसांची मोजदाद आहे. सासू-सून, बाप-लेक, मुले, सुना असे एकेक नाते सांगत ती शेवटी स्वतःपाशी येते आणि स्वतःला दासी म्हणून मोजते. या 'दासी'पणाची भक्तिपर उकल पुष्कळ झाली आहे, आणि ती चुकीची नाही. परंतु ज्या मोजणीत इतर प्रत्येकाला नाते आहे, तिथे एकीलाच काम हेच नाते असावे, यातील सामाजिक अर्थ केवळ नम्रतेच्या खाती टाकता येत नाही. विठ्ठलाला माय म्हणून हाक मारणारी ही स्त्री घरातल्या कोणाचीही लेक नाही. येथे लपविलेले असे काहीच नाही. सगळ्यांना सगळे ठाऊक आहे; वाण आहे ती नात्याच्या नावाची.

गुपिताला सामाजिक आशय मिळाला तो एकोणिसाव्या शतकात, विधवेच्या प्रश्नाबरोबर. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) विधवांची दुःस्थिती मराठी कादंबरीचा विषय झाली. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले; विधवेने गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल जगावे, ही त्यामागची भूमिका. १८७४ मध्ये काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. ज्याचा जन्म झाकून ठेवण्यासाठीच ते गृह होते, त्या यशवंताचे पुत्रत्व मात्र चारचौघांत जाहीर झाले. जोतीरावांच्या १८८७ च्या मृत्युपत्रातही तो वारस म्हणून येतो. पोसणे आणि दत्तक यांमधली भिंत येथे पाडली गेली, आणि तीही जात ओलांडून. एवढ्या मोठ्या कथाबीजाकडे मराठी कादंबरी बराच काळ वळली नाही, ही गोष्ट तिच्या मध्यमवर्गीय चौकटीबद्दल बरेच सांगून जाते.

कादंबरी वळली ती कर्णाकडे. शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आणि रणजित देसाई यांची 'राधेय' १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींचा वाचकवर्ग अफाट. कर्णाची कवचकुंडले ही अभिज्ञानाची खूण. तिच्यामुळे जन्माचे सत्य कधीतरी उघड होणार याची वाचकाला खात्री असते. ही युक्ती केवळ आपली नव्हे. अमेरिकेतील आमिश या बंदिस्त ख्रिस्ती समाजावरच्या बेव्हर्ली लुईस यांच्या 'द शनिंग' (१९९७) या कादंबरीत साध्या कपड्यांच्या त्या जगात केटी लॅप हिला माळ्यावर साटिनचे एक तान्ह्या बाळाचे झबले सापडते, आणि आपण या घरात जन्मलेलो नाही हे तिला कळते. कुंडले असोत वा झबले, वस्तू रक्ताच्या बाजूने साक्ष देते. वाढविणाऱ्या हातांची अशी खूण कथेत सहसा उरत नाही. जनाबाईपाशी होते ते जाते, आणि ते तर वाढविणाऱ्या घराचेच.

या दृष्टीने 'मृत्युंजय'ची निवेदनरचना पाहण्यासारखी आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा निवेदक तिच्यात आहेत. गुपित बाळगणाऱ्या कुंतीला स्वतःची बाजू मांडावयास अवकाश मिळतो. राधेला मिळत नाही. पोटचा मुलगा शोण बोलतो, पण पेटीतले मूल उचलून वाढविणारी आई इतरांच्या बोलण्यातून तेवढी दिसते. 'राधेय' हे शीर्षक तिच्या नावावरून घडलेले असले, तरी तेथेही व्याकुळता आहे ती हुकलेल्या कुळाची. योगायोग असा, की १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात १९६२ मध्ये दुरुस्ती होऊन, आईबापांचा ठावठिकाणा नसलेले मूल न्यायालयाच्या परवानगीने पालकाला दत्तक देता येऊ लागले. पाच वर्षांनी आलेल्या कादंबरीत सहा जणांना बोलते केले गेले, आणि त्यांत राधा नव्हती.